थिबाचं माणिक? एका जुन्या अंगठीचं वय आणि मूळ कसं ठरवावं

सुपर्णा

माहेरची एक जुनी अंगठी यंदा माझ्या वाट्याला आली. माहेर रत्नागिरीजवळचं, एके काळचं खोताचं घर. घरात या अंगठीला 'थिबाची अंगठी' असंच म्हणतात. गोष्ट अशी सांगतात की पणजोबांनी थिबा राजाच्या, म्हणजे इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवलेल्या ब्रह्मदेशाच्या राजाच्या, माणसाकडून एक माणिक विकत घेतलं आणि त्याची अंगठी करून घेतली. धाकट्या काकांच्या मते राजाने ती स्वतः दिली. चुलतभावाचं तिसरंच. आतल्या बाजूला जहाजाचा नांगर कोरलेला आहे, म्हणून ती एखाद्या नौदल अधिकाऱ्याची असणार असं तो म्हणतो.

वर्णन देते. माथा होडीच्या आकाराचा, दोन्ही टोकांना निमुळता. त्यात ओळीने तीन लाल खडे, मधला मोठा. खड्यांच्या मधल्या फटींत चार अगदी बारीक हिरे. खांद्यांवर हाताने केलेली पानांची कोरीव नक्षी आहे, ती आता बरीच झिजली आहे. वजन ३.८ ग्रॅम. सोन्याचा रंग आपल्या बांगड्यांपेक्षा किंचित फिका, पण खाली बोटाच्या तळव्याकडच्या बाजूला एक तुकडा जास्त पिवळा दिसतो.

गावातल्या सराफांनी कसोटीवर घासून सांगितलं, "बावीस नाही, मोडीत फार येणार नाही. पॉलिश करून देतो, नव्यासारखी दिसेल." अजून दिलेली नाही. मला विकायची नाहीच. पण ती किती जुनी, कुठली, आणि थिबाच्या गोष्टीत काही तथ्य असू शकतं का, हे जाणून घ्यायचं आहे. इथे जाणकार आहेत म्हणून विचारते.

निशिगंध

सुपर्णा, कृपा करून पॉलिशला देऊ नकोस. आधी इथल्या लोकांना फोटो बघू देत.

गुंजभर

निशिगंध यांना पूर्ण अनुमोदन. आमच्या घरात तीन पिढ्या कोंदणकाम झालं, मी स्वतः झवेरी बाजारात वर्षानुवर्षं बसलो. पॉलिशच्या चाकावर धरलेल्या अंगठीचा आतला ठसा बघता बघता पुसट होतो, आणि तो गेला की तिच्याबद्दल खात्रीने बोलण्याची निम्मी सोय गेली. खांद्यावरची झिजलेली पानंसुद्धा पुरावाच आहेत. ती झीज किती वर्षांची असेल याचा अंदाज बांधता येतो. चकाकी आणल्यावर तो बांधता येत नाही.

आता कामाचं. दहापटीचं भिंग मिळवा, घड्याळजीकडे असतं तसं. अंगठी कोमट साबणपाण्यात मऊ ब्रशने हलक्या हाताने धुवा. पण त्याआधी मागून बघा. खड्यांची पाठ उघडी आहे की बंद? बंद असेल तर पाण्यात घालू नका. जुन्या कामात खड्याखाली चकाकीसाठी वर्ख लावलेला असतो, आत पाणी गेलं की तो काळा पडतो आणि खडा कायमचा निस्तेज दिसतो.

मग हे फोटो टाका: आतले सगळे ठसे, उजेड तिरपा पाडून. माथा वरून आणि मागून. तिन्ही खडे वेगवेगळे, जवळून. आणि तो जास्त पिवळा तुकडा.

एक विनंती. "अंगठी किती जुनी" हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा. कडी कधी घडली, खडे कधी बसले, दुरुस्ती कधी झाली, ही तीन वेगळी वयं आहेत. मूळही तसंच. खडा कुठल्या खाणीतला, पैलू कुठे पाडले, अंगठी कुठे घडली, विकली कुठे गेली, ही चार ठिकाणं चार देशांत असू शकतात. घरची गोष्ट यांतल्या एखाद्याच धाग्याची असते आणि लोक ती सगळ्या अंगठीला लावतात.

सुपर्णा

धन्यवाद काका! पाठ उघडी आहे, प्रत्येक खड्यामागे जाळीसारखं भोक आहे. फोटो टाकलेत. ठशांचं जे मला वाचता आलं ते असं: आधी इंग्रजी अक्षरं, त्यांतलं पहिलं अर्धं कापलेलं, दुसरं 'एस'. मग आडवा नांगर. मग १५. मग .६२५. शेवटी लहान लिपीतलं 'पी' अक्षर, चौकटीत. पिवळा तुकडा बरोबर त्या कापलेल्या अक्षरापाशी सुरू होतो.

अविनाश_लीड्स

सुपर्णाताई, तुमची कडी बोलकी आहे. मी जवळपास तीस वर्षं इंग्लंडात राहतो आणि जुन्या बाजारांत असे ठसे वाचण्याचा मला नाद आहे.

नांगर नौदलाचा नाही, बर्मिंगहॅमचा आहे. १७७३ साली बर्मिंगहॅम आणि शेफील्डला सोन्याचांदीचा कस तपासून ठसा मारणारी स्वतःची तपासणी कचेरी मिळाली, तेव्हा बर्मिंगहॅमने नांगर घेतला आणि शेफील्डने मुकुट. बर्मिंगहॅम समुद्रापासून लांब आहे, मग नांगर कशाला? इथे सांगतात ती कथा अशी की परवानगीसाठी लंडनला गेलेली मंडळी 'क्राउन अँड अँकर' नावाच्या खानावळीत बैठका घेत, आणि त्या पाटीवरचीच दोन चिन्हं दोन शहरांनी वाटून घेतली.

१५ आणि .६२५ म्हणजे पंधरा कॅरेट, हजारात ६२५ भाग सोनं. हा फार उपयोगी ठसा आहे. ब्रिटनमध्ये पंधरा कॅरेटला १८५४ साली मान्यता मिळाली आणि १९३२ साली ते बंद करून चौदा कॅरेट आणलं. म्हणजे दुसरं काहीही न बघता कडी या दोन सालांमधली ठरते.

आता अक्षर. प्रत्येक कचेरी दर वर्षी अक्षर बदलायची, आणि वर्णमाला संपली की अक्षराचा घाट किंवा चौकट बदलून पुन्हा सुरुवात. बर्मिंगहॅमला लहान साध्या लिपीची माळ १९०० साली 'ए'पासून सुरू झाली. मधलं 'जे' गाळलेलं असतं. त्या हिशेबाने 'पी' येतं १९१४ला. तिथे अक्षर जुलैमध्ये बदलायचं, म्हणून जुलै १९१४ ते जून १९१५. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावरची किंवा त्याच्या पहिल्या वर्षातली अंगठी.

नवख्यांची एक नेहमीची गल्लत इथेच सांगून ठेवतो. अक्षर एकटं वाचायचं नाही, शहराचं चिन्ह शेजारी ठेवून वाचायचं. हेच लहान 'पी' लंडनच्या बिबट्याच्या मुंडक्याशेजारी असतं तर मी १९१० म्हटलं असतं. आणि कुठल्याही तक्त्यात नुसतं अक्षर जुळवू नका, घाट आणि चौकटही जुळवा.

पहिली अक्षरं कारागिराची किंवा कारखान्याची असतात. तुमच्या कडीत त्यांतलं एक कापलं गेलंय, त्यामुळे नाव ठरवता येणार नाही. बर्मिंगहॅमच्या ज्वेलरी क्वार्टरमध्ये तेव्हा शेकडो छोटे कारखाने होते आणि 'एस'वर संपणारी नावं त्यांत ढिगाने सापडतील.

मृदुला

वा! म्हणजे शंभर वर्षांहून जुनी. पण मग थिबाचं काय? इंग्लंडात घडलेली अंगठी रत्नागिरीच्या राजाकडे कशी येईल?

कोकणी_माणूस

थिबाच्या बाजूने थोडं मांडतो, कारण रत्नागिरीत वाढल्यामुळे ही गोष्ट मला जिवाभावाची आहे.

नोव्हेंबर १८८५मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजाला पदच्युत केलं आणि आधी मद्रासला नेलं. १८८६च्या एप्रिलमध्ये तो राणी सुपयालत आणि मुलींसह रत्नागिरीला आला. आज जो थिबा पॅलेस आपण बघतो तो पुष्कळ नंतर, १९१०च्या सुमारास बांधून झाला. राजा १९१६च्या डिसेंबरमध्ये तिथेच वारला, आणि कुटुंब १९१९ साली ब्रह्मदेशात परत गेलं. या तीस वर्षांत सरकारी तनखा पुरत नसे. सोबत आणलेले खडे आणि दागिने एकेक करून विकले गेले. घेणारे रत्नागिरीतलेच सावकार आणि सराफ. तेव्हा आमच्या गावात 'थिबाचं माणिक' असलेली घरं सापडतात यात आश्चर्य नाही, आणि त्यांतल्या काहींची गोष्ट खरी असणारच.

सुपर्णाच्या अंगठीबद्दल एवढंच म्हणतो: १९१४-१५ला राजा रत्नागिरीतच होता. काळ जुळतो.

अविनाश_लीड्स

काळ जुळतो, पण रस्ता जुळवायला हवा. साधारणपणे ठसा आधी मारतात आणि खडे नंतर बसवतात. म्हणजे ही कडी बर्मिंगहॅमला घडली, तिथेच तपासली गेली आणि बहुधा तिथेच खडे बसले. खोतांनी रत्नागिरीत माणिक घेऊन ते सातासमुद्रापार अंगठीत बसवायला पाठवलं असेल का? अशक्य नाही. पण त्यापेक्षा सोपा मार्ग आहे. बर्मिंगहॅमचा तयार माल मुंबईला यायचा. फोर्टात आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स होतं, काळ्या घोड्याजवळची ती इमारत अजून उभी आहे. होडीच्या माथ्याची तीन किंवा पाच खड्यांची अंगठी हा त्या काळचा अगदी चालता नमुना होता.

आणि खडे ब्रह्मदेशी निघाले तरी थिबा मध्ये यावाच लागत नाही. ब्रह्मदेशातल्या मोगोकच्या माणकाच्या खाणी १८८९पासून बर्मा रूबी माइन्स नावाच्या लंडनच्या कंपनीकडे होत्या. मोगोक ते लंडन ते बर्मिंगहॅम असा सरळ व्यापार चालू होता.

मृदुला

खडे ब्रह्मदेशी आहेत का हे घरी बघता येतं असं वाचलंय. अंधारात निळ्या-जांभळ्या किरणांची टॉर्च मारायची, नोटा तपासायला वापरतात ती. ब्रह्मदेशी माणिक निखाऱ्यासारखं पेटतं, थायलंडचं पेटत नाही. सुपर्णा, करून बघ ना!

सुपर्णा

आमच्या दुकानातली टॉर्च होती, केलं लगेच. तिन्ही पेटले! दोन बाजूचे छान लाल, आणि मधला तर त्यांच्याहून कितीतरी जास्त. म्हणजे मधलं खरंच थिबाचं?

गुंजभर

सुपर्णा, आनंद करण्याआधी थोडं थांबा. माझी शंका नेमकी मधल्या खड्यावरच आहे, आणि तो जास्त पेटला म्हणून ती वाढली.

माणकाचा लाल रंग क्रोमियममुळे येतो आणि ती लाल प्रभाही क्रोमियममुळेच. खड्यात लोह असेल तर प्रभा दबते. थायलंडच्या माणकात लोह जास्त, म्हणून ते थंड. मोगोकच्या माणकात लोह फार कमी, म्हणून ते पेटतं. इथपर्यंत मृदुला बरोबर आहेत. पण सिलोनची माणकंही पेटतात. ब्रह्मदेशातलाच लाल स्पिनेल, ज्याला आमच्या बाजारात लालडी म्हणतात, तोही पेटतो. ब्रिटिश राजमुकुटातला प्रसिद्ध 'ब्लॅक प्रिन्स रूबी' हा शेवटी स्पिनेलच ठरला. आणि सगळ्यांत जोरात पेटतं ते कारखान्यात बनवलेलं माणिक, कारण त्यात लोह नसतंच.

अनेकांना वाटतं की कृत्रिम माणिक ही अलीकडची गोष्ट. तसं नाही. ऑग्युस्त व्हर्नॉय या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०२ साली आपली पद्धत जाहीर केली. अ‍ॅल्युमिनाची अगदी बारीक पूड, त्यात किंचित क्रोमियम, ती ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीतून खाली पडते, वितळते आणि खालच्या दांड्यावर थेंबाथेंबाने साचून नासपतीच्या आकाराचा गोळा तयार होतो. काही तासांत. दशकभराच्या आत हा माल जगभर पसरला होता. १९१४च्या अंगठीत तो मूळचाच असू शकतो, आणि चांगल्या सोन्यात, खऱ्या हिऱ्यांशेजारी बसवलेला मी स्वतः पाहिलाय. तेव्हा लोकांना ती नवलाई वाटत होती.

तुमचे फोटो मोठे करून पाहिले. तीन गोष्टी खटकल्या.

बाजूच्या दोन खड्यांच्या पैलूंच्या कडा घासून बोथट झाल्यात. माणिक कठीण खरं, पण शंभर वर्षं बोटात राहिलं की कडा मऊ होतातच. मधल्याच्या कडा धारदार आहेत. मधला तर सगळ्यांत उंच बसलाय, ठोकर आधी त्यालाच लागायला हवी होती.

दुसरं, बाजूच्या खड्यांभोवतीचा सोन्याचा काठ एकसारखा आणि चकचकीत कापलेला आहे. मधल्याचा काठ वर एका बाजूला दाबलेला दिसतो आणि त्यावर कानशीचे ओरखडे आहेत.

तिसरं, मधल्याच्या पाठीचे पैलू एकमेकांना फुलीसारखे छेदतात. याला सिझर्स कट म्हणतात. कृत्रिम खड्यांना तो फार वापरत.

म्हणून माझा अंदाज: बाजूचे दोन मूळचे, मधला नंतर बदललेला. पण हा फोटोवरचा अंदाज आहे. प्रयोगशाळेत दाखवा. जाल तेव्हा कॅरेट मीटरवर कडीचं आणि त्या पिवळ्या तुकड्याचं वेगवेगळं वाचन घ्यायला सांगा. दुकानदार सहसा एकाच जागी लावतात.

दादरकर

मध्येच विचारतो, धागा भरकटवल्याबद्दल क्षमा. वडिलांची लग्नातली अंगठी आहे, पुष्कराज बसवलेली. आत फक्त '१४' आणि सोनाराची दोन देवनागरी अक्षरं. लग्न १९६४चं. आम्ही नेहमी समजत आलो की आजोबांनी पैसे वाचवायला हलकं सोनं घेतलं. विलायती असेल का?

गुंजभर

दादरकर, ती अस्सल देशी आहे आणि तुमच्या आजोबांवर अन्याय करू नका. जानेवारी १९६३मध्ये मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं आणि चौदा कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी झाली. चौदाच्या वरचं काम करणं गुन्हा होता. १९६६मध्ये ही अट उठली. त्यामुळे देशी घडणीची, देवनागरी अक्षरांची, १४ ठशाची अंगठी दिसली की मी आधी ही तीन-चार वर्षं आठवतो. तुमची १९६४ची असेल तर सगळं चपखल बसतं.

ती वर्षं आमच्या घरावर काय कोसळली ते सांगून संपणार नाही. बावीस कॅरेटवर हात बसलेले कारागीर होते. चौदाचं सोनं ताठ, हातोडीखाली तडकायचं, कोंदण वळायचं नाही. कितीतरी सोनारांनी ऐरण विकली, काहींनी जीव दिले. ती अंगठी जपून ठेवा. तो काळ दाखवणारे दागिने फार उरले नाहीत, कारण अट उठल्यावर लोकांनी चौदाचे दागिने धडाधड मोडीत घातले.

दादरकर

काका, हे आईला वाचून दाखवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. साठ वर्षं आम्ही तिला हलकी अंगठी म्हणत होतो.

म्हापशेकार

आमच्या गोव्याकडची भर घालतो. पोर्तुगीज काळातल्या घरांत हरणाच्या डोक्याचा ठसा आणि ८०० असा आकडा दिसतो. ते पोर्तुगालचं साडेएकोणीसच्या जरा खालचं, १९.२ कॅरेटचं सोनं. हरणाचं डोकं १९३८ ते १९८४ या काळातलं. म्हणजे "पणजीच्या पणजीची" म्हणून दाखवलेल्या दागिन्यावर ते असलं तर गोष्ट थोडी आवरती घ्यावी लागते. इथल्या स्थानिक सोनारांनी घडवलेल्या दागिन्यांवर मात्र बहुतेक वेळा ठसाच नसतो, तिथे घडण बघूनच बोलावं लागतं.

निशिगंध

मग आपल्याकडच्या बिनठशाच्या अंगठ्यांचं काय? माझ्या आजीच्या माणकाच्या अंगठीवर काहीच नाही.

गुंजभर

आपल्याकडे सरकारी हॉलमार्क २०००पासून आला आणि सक्ती तर २०२१मध्ये झाली. त्याआधीच्या बहुतेक दागिन्यांवर फार तर सोनाराचा शिक्का. मग मी उलट्या बाजूने जातो: या अंगठीत असं काय आहे जे अमुक सालाच्या आधी असूच शकत नाही? टांझानाइट असेल तर १९६७च्या आधीची नाही. अमेरिकन डायमंड, म्हणजे झिर्कोनियाचा खडा, असेल तर १९७६च्या आधीची नाही. मोझांबिकचं माणिक असेल तर गेल्या वीसेक वर्षांतली. पांढरं सोनं असेल तर पहिल्या महायुद्धाच्या आसपासची किंवा नंतरची. खडा बदललेला असू शकतो, म्हणून हे फक्त त्या भागाचं वय. पण खालची मर्यादा पक्की मिळते.

घडणीतूनही कळतं. बंद कोंदण, खाली वर्ख, पोटात लाख असेल तर पारंपरिक हात. मागून उघडं, नख्यांवर उचललेला खडा म्हणजे विलायती पद्धत, ती आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळत गेली. हिऱ्याचे पैलूही बघा. पोलकी, रोझ कट (खाली सपाट, वर घुमटासारखा), जुना जाड कमरेचा हिरा, आणि आजचा ब्रिलियंट, हे नुसत्या डोळ्यांना वेगळे दिसतात. आजीच्या अंगठीचे फोटो टाका, बघू.

सुपर्णा

मुंबईला जाऊन आले. रत्नतपासणीचा अहवाल आणि कॅरेट मीटरचे आकडे हातात आहेत, क्रमाने लिहिते.

कडी: ६२.१ टक्के सोनं. पंधरा कॅरेटला साजेसं. खालचा पिवळा तुकडा: ८९ टक्क्यांच्या वर. तिथल्या बाईंनी सांगितलं की हा मागाहून घातलेला तुकडा आहे. अंगठी मोठी करताना आपल्या सोनाराने हाताशी असलेलं बावीसच्या जवळपासचं सोनं लावलं. तुकड्याच्या दोन्ही बाजूंना टाक्याची रेघ भिंगाखाली स्पष्ट दिसते. मऊ सोनं असल्यामुळे तोच भाग सगळ्यांत पातळ झालाय. आणि तेव्हाच कारागिराचं अक्षर कापलं गेलं.

बाजूचे खडे: दोन्ही नैसर्गिक माणिक. त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. आत बारीक सुयांचं जाळं, ठरावीक कोनात एकमेकींना छेदणाऱ्या सुया, उजेड फिरवला की रेशमासारखी झाक. सुया अखंड आहेत म्हणजे खडे जास्त तापवलेले नाहीत. रूप मोगोकच्या खड्यांसारखं आहे असं त्या तोंडी म्हणाल्या, पण इतक्या लहान आणि अंगठीत बसलेल्या खड्यांना देशाचं नाव अहवालात लिहून देत नाहीत.

हिरे: चारही रोझ कट, खरे.

मधला खडा: कृत्रिम माणिक, व्हर्नॉय पद्धतीचं. वाकड्या, कमानीसारख्या रेघा आणि हवेचे गोल बुडबुडे, दोन्ही दिसले. नैसर्गिक खड्यात वाढीच्या रेषा सरळ असतात, या वक्र होत्या. पैलूंवर घाईने घासल्याच्या बारीक लहरीही दाखवल्या त्यांनी. गुंजभरकाका, तुम्ही फोटोवरून सांगितलंत ते सगळं जुळलं.

रात्री आत्याला फोन केला. तिने नव्वदी ओलांडलीय, पण आठवण लख्ख आहे. ती म्हणाली, मी शाळेत असताना आजोबांनी अंगठी मुंबईला नेली होती, 'खडा हलतो' म्हणून. परत आली तेव्हा आजी बराच वेळ ती उजेडात धरून बघत होती आणि मग पेटीत ठेवून दिली. पुढे कोणी घातली नाही.

मृदुला

अगं बाई. म्हणजे मुंबईत कुणीतरी खडा बदलला?

कोकणी_माणूस

किंवा आजोबांनीच विकला. आत्या नव्वदीपुढच्या म्हणजे त्यांचं शाळेचं वय १९४०च्या दशकातलं. खोतांच्या घरांची घडी तेव्हाच विस्कटू लागली होती. १९४८चा कुळकायदा, पाठोपाठ १९४९चा खोती निर्मूलनाचा कायदा. रोकड कमी आणि घरात लग्नाच्या मुली. मोठा खडा काढून विकायचा, तिथे दिसायला तसाच कृत्रिम बसवायचा आणि घरात 'हलत होता' म्हणून सांगायचं, हे कोकणात अनेक घरांत झालंय. कुणाला दोष देण्यासारखं त्यात काही नाही. लेकीचं लग्न लावायचं होतं त्या माणसाला.

अविनाश_लीड्स

दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवायला हव्यात. शिवाय तिसरी: १९१४लाच मधला खडा कृत्रिम असेल, तो कधीतरी निखळला आणि त्याच जातीचा दुसरा बसवला. काठावर दुसऱ्यांदा काम झालंय एवढंच अंगठी सांगते. आधी तिथे काय होतं ते ती सांगत नाही.

थिबाच्या गोष्टीबद्दल मला आता एक वेगळाच विचार सुचतो. पणजोबांनी राजाच्या माणसाकडून सुटं माणिक घेतलं, घरात तयार विलायती अंगठी होती, तिच्या मधल्या जागी ते बसवलं, आणि पुढच्या पिढीत ते निघालं. या क्रमाने घरची गोष्ट आणि धातूचा पुरावा एकमेकांना छेद देत नाहीत. सिद्ध मात्र करता येणार नाही.

कोकणी_माणूस

अविनाशराव, हे पटलं. सुपर्णा, घरात जुनी वहीखातं असेल तर शोधा. खोतांच्या घरी जमाखर्च काटेकोर असायचा, मोडीत लिहिलेला. १९०५ ते १९१६ आणि १९४० ते १९५० ही दोन बाडं आधी बघा. मोडी वाचून द्यायला मी तयार आहे.

सुपर्णा

वह्या माळ्यावर आहेत! गणपतीत गावी जाईन तेव्हा फोटो काढून पाठवते तुम्हाला.

तोवर अंगठीसोबत एक कागद ठेवतेय. त्यावर दोन भाग केलेत. एकात अहवालाने आणि ठशाने सिद्ध झालेलं: बर्मिंगहॅम, १९१४-१५, पंधरा कॅरेट, बाजूची दोन नैसर्गिक माणकं, मधलं कृत्रिम आणि नंतर बसवलेलं, कडी एकदा वाढवलेली. दुसऱ्यात आत्या, काका आणि चुलतभाऊ यांनी सांगितलेलं, त्यांच्या नावानिशी, जसंच्या तसं. मधला खडा काढून खरं माणिक बसवावं असं धाकटे काका म्हणतात. मी बसवणार नाही. आजीने उजेडात धरून बघितला तो हाच खडा होता.

एक शेवटचा प्रश्न. मला ती घालायची आहे, पण बोटाला सैल होते. लहान करून घेऊ का?

गुंजभर

जरूर घाला, पण आधी खालचा पातळ तुकडा सांभाळायला हवा. तोच तुकडा काढून तिथे कडीच्या रंगाला आणि कसाला जुळणारं सोनं घालून घ्या, माप आपोआप कमी करता येईल. ठशांच्या बाजूला अजिबात कापू द्यायचं नाही, हे सोनाराला भिंगातून दाखवून सांगा.

आणि हे नीट लक्षात ठेवा. टाका मारताना आपले लोक टाकणखार लावतात, कुणी सवागी म्हणतं. तो माणकावर लागून आच मिळाली की खड्याचा पृष्ठभाग खातो, पैलू गोठल्यासारखे अंधुक होतात आणि पुन्हा घासल्याशिवाय ते जात नाही. तुमच्या बाजूच्या खड्यांना ते परवडणार नाही. शक्यतो लेझरने जोडणाऱ्याकडे जा, उष्णता खड्यापर्यंत पोचत नाही. ते जमलं नाही तर माथा ओल्या कापडात गुंडाळून किंवा पाण्यात बुडवून फक्त खालीच आच द्यायला सांगा, आणि काम होईपर्यंत समोर बसा. पॉलिशच्या चाकावर आतली बाजू धरायची नाही, हेही तिथे बसल्या बसल्या आठवण करून द्या.

दादरकर

गुंजभरकाका, वडिलांच्या अंगठीचे फोटो नव्या धाग्यात टाकलेत. पुष्कराजाच्या एका कोपऱ्याला टवका गेलाय, जरा बघाल का?